दुसरी रेघ

शैला वैरागडे यांच्या टेबलावर पेन्सिली पुष्कळ असत, पण एकीलाही मागे रबर नसे. कॅनडात मिळणाऱ्या पिवळ्या पेन्सिलींना मागे गुलाबी रबर असतंच. नवी पेन्सिल हातात आली की शैलाताई ते कात्रीने छाटायच्या आणि टोपलीत टाकायच्या. मला पहिल्या आठवड्यात वाटलं, ही नुसती सवय असेल, काही माणसांना नखं खायची असते तशी. विचारायचं धाडस झालं नाही. शेवटी त्यांनीच सांगितलं.

"खोडलेलं दिसलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "माणूस आधी सांगतो, भाऊ दोन. मग जरा वेळानं म्हणतो, तीन होते, एक लहानपणीच गेला. हा तिसरा कधी आठवला, कशानं आठवला, हे कागदावर राहिलं पाहिजे ना? रबरानं पुसलं की वाटते, त्यानं पहिल्यापासून तीनच सांगितले होते."

म्हणून चूक झाली की त्या तिच्यावर एकच आडवी रेघ मारत. खालचं वाचता येईल अशी.

विनिपेगमधल्या एका हॉस्पिटलात त्या जेनेटिक काउन्सेलर होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो. आमचं काम थोडक्यात सांगायचं तर असं. एखाद्या घरात एखादा आजार पुन्हा पुन्हा दिसत असेल, किंवा बाळ यायच्या आधी आईबापांना काही शंका असेल, तर त्यांच्यासोबत बसून घराण्याचा नकाशा काढायचा, कोणती तपासणी करता येईल ते सांगायचं आणि निकाल आला की तो समजावून द्यायचा. औषध आम्ही देत नाही. माझे वडील लातूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांना मी हे फोनवर तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "म्हणजे इंजिन खोलायचं नाही, नुसतं आवाजावरनं सांगायचं."

हे मी शैलाताईंना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. "तुझ्याऐवजी बाबांनाच घ्यायला पाहिजे होतं बापा कोर्सला. लवकर शिकले असते."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आधी लातूर, मग पुणे, मग इथला दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यातलं पहिलं वर्ष बरंचसं वर्गात जातं आणि दुसऱ्या वर्षी खऱ्या पेशंटसमोर बसावं लागतं. बाजूला सुपरवायझर बसतो. शेवटी त्याने मूल्यमापनाच्या फॉर्मवर सही केली तर पुढे जायचं. माझ्या पहिल्या सुपरवायझरने सही केली नव्हती. 'पेशंटपेक्षा विद्यार्थीच जास्त बोलतो,' असा शेरा होता. दुसऱ्यांदा तसं झालं तर अभ्यासक्रम सोडावा लागला असता. त्या दुसऱ्या खेपेसाठी मला शैलाताईंकडे पाठवलं होतं. म्हणजे मी त्यांच्याकडे गेलो तो घाबरूनच गेलो.

त्या बुटक्या होत्या, केस पांढरे आणि अगदी आखूड. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, म्हणजे पेशंटला न कळता वेळ बघता येई. मूळच्या नागपूरच्या. तीसेक वर्षांपूर्वी इकडे आल्या, पुष्कळ वर्षं लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजत होत्या. "मोजून मोजून डोळे गेले," म्हणायच्या, "मग म्हटलं, आता माणसं बघू." पेशंटसमोर त्यांचं इंग्रजी स्वच्छ, सावकाश. दार बंद झालं की नागपूर सुरू.

त्यांना काय म्हणायचं हा माझा प्रश्न होता. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात. रिसेप्शनवरची डॉना त्यांना "शायला" म्हणे. मला आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारता येईना, म्हणून पहिले दोन आठवडे मी त्यांना हाकच मारली नाही. समोर जाऊन उभा राहायचो आणि त्या बघेपर्यंत थांबायचो. एकदा त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय रे, खांबासारखा काय उभा राहून राहिला? नाव नाही का मला?"

"आहे," मी म्हणालो.

"मग घे. इथे शैला म्हण. हॉस्पिटलच्या बाहेर काय म्हणायचं ते म्हण."

बाहेर मी शैलाताई म्हणायला लागलो. आत शेवटपर्यंत खांबच राहिलो.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही पेशंट दाखवला नाही. सकाळी नऊला मला वेटिंग रूममधल्या एका खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "बारापर्यंत बस. फोन काढायचा नाही." बारा वाजता बोलावून विचारलं, काय पाहिलं. मी भिंतीवरची सगळी माहितीपत्रकं वाचून ठेवली होती, ती क्रमाने सांगितली.

"माणसं?"

मी आठवायला लागलो.

"खिडकीजवळ एक बाई होती, पांढऱ्या बुटातली. तिनं कोट काढला होता का?"

नव्हता काढला. हीटरच्या त्या उकाड्यात ती तासभर गळ्यापर्यंत चेन लावून बसली होती. हे मला त्यांनी विचारल्यावर दिसलं.

"ती उत्तरेकडून विमानानं आली. तिकडे हॉस्पिटल नाही, म्हणून सगळे इथे येतात. कोट काढला नाही म्हणजे काय? तिचं अर्धं लक्ष परतीच्या विमानाकडे आहे. तिला आधी काय विचारशील?"

"कुणाला काय आजार आहे ते?"

"विमान किती वाजता आहे ते. ते कळल्याशिवाय ती तुझं एक अक्षर ऐकणार नाही."

त्याच दुपारी त्यांनी मला एक कोरा कागद आणि रबर छाटलेली पेन्सिल दिली. "आता तुझं स्वतःचं घर काढ. तीन पिढ्या. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला काढावं लागते."

घराण्याचा नकाशा काढायची पद्धत ठरलेली असते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नवराबायकोंमध्ये एक आडवी रेघ. ते दोघं लग्नाआधीच एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक असतील तर दोन आडव्या रेघा, जवळजवळ, रुळांसारख्या.

माझी आई माझ्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं, अर्ध्या गावाची लग्नं अशीच झालेली. पण पुण्याला कॉलेजात आनुवंशिकतेच्या तासाला सरांनी अशा लग्नांवर एक विनोद केला होता. वर्ग हसला, मीही हसलो. त्यानंतर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. माझी मोठी बहीण दीपा जन्मापासून बहिरी आहे. या विषयाकडे मी तिच्यामुळेच वळलो, हेही फारसं कुणाला सांगत नाही.

मी आईवडिलांमध्ये एकच रेघ काढली.

शैलाताईंनी कागद बघितला. "आजीचं माहेर कुठलं? बाबांच्या आईचं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"आणि आईचं माहेर?"

गाव तेच होतं. आडनावही तेच. दोन्ही नावं मी स्वतःच कागदावर लिहिली होती. मी सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि कागद खणात ठेवला.

त्यांच्याकडून मी शिकलो ते मुख्यतः गप्प बसायला. पेशंट बोलता बोलता थांबला की माझ्या तोंडून काहीतरी निघायचं. एखादी माहिती, धीर, आकडेवारी, काहीही. ते निघायच्या आत शैलाताई डावा तळहात टेबलावर ठेवायच्या. पालथा, आवाज न करता. पेशंटला वाटायचं, बाईंनी सहज हात ठेवला. तो माझ्यासाठी असायचा. हात टेबलावर आहे तोवर मी बोलायचं नाही. कधीकधी तो इतका वेळ तिथे असायचा की मी मनात आकडे मोजायचो. आणि बहुतेक वेळा, त्या हाताच्या पलीकडे, पेशंट ती गोष्ट सांगायचा जी सांगायला तो आला होता.

एकदा एक तरुण बाई रडायला लागली. मी झटकन टिश्यूचा डबा तिच्यापुढे सरकवला. तिने एक कागद घेतला, डोळे पुसले, "सॉरी" म्हणाली आणि रडायची थांबली. मला वाटलं, बरं काम केलं.

ती गेल्यावर शैलाताई म्हणाल्या, "काहून सरकवला डबा?"

"रडत होत्या म्हणून."

"तुला तिचं रडणं बघवलं नाही म्हणून. डबा सरकवला की माणसाला कळते, आता आवरा. डबा तिच्या हाताला लागेल असा आधीच ठेवायचा. मग ती आणि डबा. मध्ये आपण पडायचं नाही."

त्या फार शिस्तीच्या होत्या असं वाटेल, पण त्यांची फजितीही आमच्यात प्रसिद्ध होती. विनिपेगच्या थंडीत गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून पार्किंगमध्ये गाडी विजेच्या प्लगला लावून ठेवतात. प्रत्येक गाडीच्या तोंडातून वायर लोंबत असते. एका संध्याकाळी शैलाताई ती वायर न काढताच निघाल्या. काळी लांब वायर शेपटासारखी मागून घासत रस्त्याने चालली होती. डॉना धावत ओरडत गेली. दुसऱ्या दिवशी डॉनाने त्यांच्या दारावर कागद चिकटवला, 'जाण्याआधी शेपूट तपासा.' तो त्यांनी कधी काढला नाही. उलट सेशन संपवून बाहेर पडताना मला म्हणायच्या, "शेपूट तपासलं? काही विचारायचं राहिलं का कागदावर?"

माझं राहिलं ते जानेवारीत.

पेशंट यायच्या आधी त्याच्याशी फोनवर बोलून घराण्याची माहिती घ्यायची, हे काम विद्यार्थ्याचं. त्यात एक ठरलेला प्रश्न असतो आणि शैलाताईंनी तो प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, त्याच शब्दांत विचारायला लावला होता. "हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो. लग्नाआधी तुम्हा दोघांचं काही रक्ताचं नातं होतं का?" शब्द बदलायचे नाहीत, आवाज खाली न्यायचा नाही, हसायचं नाही. "तू लाजला की ते लाजतील," त्या म्हणायच्या, "आणि लाजलेला माणूस नाही म्हणतो."

त्या दिवशी फोनवर एक मराठी जोडपं होतं. मी त्यांना इथे प्रशांत आणि स्वाती म्हणतो, नावं खरी नाहीत. त्यांचं पहिलं बाळ भारतात असताना सात महिन्यांचं होऊन गेलं होतं. जन्मापासून अंगात ताकद नव्हती, मान धरली नव्हती. निदान झालं नव्हतं. आता स्वातीला पुन्हा दिवस गेले होते, अकरावा आठवडा होता. हे सगळं प्रशांत एकसुरात सांगत होता. मध्येच थांबून त्याने विचारलं, "तुम्ही कुठले?"

"लातूर."

"अरे! आम्ही उदगीरचे. मग तुम्ही घरचेच की हो. बघ गं, हे आपल्या लातूरचे निघाले."

मागून स्वातीचा आवाज आला, "बरं झालं बाई."

पुढचा प्रश्न तोच होता. मी तो विचारला नाही. घरचेच म्हणाल्यावर मला ते तोंडातून काढता येईना. आणि मनात असंही आलं, की विचारलं आणि त्यांनी हसून उलट मलाच विचारलं तर? मी आजोबांच्या मधुमेहाबद्दल विचारलं. फोन ठेवल्यावर फॉर्मवरची ती जागा कोरी राहिली होती. कोरी जागा शैलाताईंना लगेच दिसली असती. मी तिथे लिहिलं, 'नाही.'

'हो' असलेले फॉर्म घाईच्या गठ्ठ्यात जात आणि त्यांना वेळ लवकर मिळे; 'नाही' लिहिलं म्हणून यांचा गेला नाही. तीन आठवड्यांनी त्यांची वेळ आली.

त्या दिवशी शैलाताईंनी माझा फॉर्म समोर ठेवला, पेन्सिल घेतली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारायला सुरुवात केली. त्या नेहमीच तसं करत. मग तो प्रश्न आला.

"हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. लग्नाआधी तुम्हा दोघांचं काही रक्ताचं नातं होतं का?"

"हो, आहे ना," प्रशांत म्हणाला. "मामाचीच मुलगी. सख्ख्या मामाची."

"लहानपणी मला ताप देत होता तेव्हापासून ओळखते," स्वाती म्हणाली. ती थोडी हसलीसुद्धा.

इतकं सोपं होतं ते.

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या अक्षरातल्या 'नाही'वर एक आडवी रेघ मारली, बाजूला 'हो, मामाची मुलगी' लिहिलं आणि नकाशात त्या चौकोन-गोलामध्ये दुसरी रेघ ओढली. मग त्यांना सावकाश समजावलं. जवळच्या नात्यात लग्न झालेल्या बहुतेकांची मुलं चांगली असतात. पण आजोबा-आजीकडून एकच बिघडलेला जीन कधीकधी दोघांकडे आलेला असतो आणि दोन्हीकडून बाळाकडे जातो. पहिल्या बाळाला तसं झालं होतं का, ते शोधता येईल. तुमच्या दोघांचं रक्त आजच घेऊ. यात चूक तुमची नाही, तुमच्या घरच्यांचीही नाही.

ते दोघं रक्त द्यायला गेल्यावर शैलाताईंनी दार लावलं.

"फोनवर नाही म्हणाले होते का ते?"

लोक फोनवर नाही म्हणतात, हे त्यांनाही माहीत होतं. मला फक्त मान हलवायची होती. सही, कोर्स, लातूरला आईने शेजारणींना सांगून ठेवलेलं सगळं, त्या एका मान हलवण्यावर होतं.

"मी विचारलंच नाही," मी म्हणालो. "नाही असं मीच लिहिलं."

त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ बघितलं. "ती तेव्हा अकरा आठवड्यांची होती. आज चौदा. हे तीन आठवडे तिचे होते. काही ठरवायला, काही नाही तर नुसतं मनाची तयारी करायला. ते तू घेतले." आवाज चढला नव्हता. "काहून नाही विचारलं?"

"लाज वाटली."

"कोणाची?"

त्यांनी तळहात टेबलावर ठेवला. या वेळी खोलीत पेशंट नव्हता; बोलायचं मलाच होतं, हे मला कळलं. मी आकडे मोजले. साठाच्या पुढे गेलो. उत्तर मला माहीत होतं, पण ते बाहेर आलं नाही. शेवटी त्यांनीच हात उचलला. उत्तर यायच्या आधी त्यांनी तो उचलल्याचा माझ्या पाहण्यातला हा एकच प्रसंग.

"जा. लॅबचं पत्र आज गेलं पाहिजे, ते तू लिही. आणि ते दोघं खाली असतील, त्यांना जाऊन तूच सांग की प्रश्न तुझ्याकडून राहिला."

मी खाली गेलो आणि सांगितलं. प्रशांत म्हणाला, "असू द्या हो. पण आता तरी लवकर करा." त्याने मला पुन्हा घरचं म्हटलं नाही. त्यांचा निकाल काय आला ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

माझ्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर शैलाताईंनी सही केली नाही. नापासही केलं नाही. 'अपूर्ण' असं लिहून त्यांनी आणखी सहा आठवडे मागून घेतले. विद्यापीठाला त्यांनी सगळं जसंच्या तसं कळवलं आणि कळवायच्या आधी ते पत्र मला वाचायला दिलं. त्यात शेवटी एक ओळ होती, 'विचारल्यावर त्याने खरं सांगितलं.' कौतुकाचा शब्द नव्हता, पण ती ओळ होती.

त्या सहा आठवड्यांत आलेल्या प्रत्येक घराला तो प्रश्न मी विचारला. एकदा दक्षिणेकडच्या एका लहानशा वसाहतीतलं शेतकरी जोडपं आलं, गोरं, साठीचं. मी विचारल्यावर म्हातारा बायकोकडे बघून म्हणाला, "आमच्या गावात कोण कुणाचं नाही ते विचार पोरा, यादी लहान होईल." बायकोने त्याच्या दंडावर चापट मारली. मग दोघांनी मिळून पाऊण तास नाती सांगितली. मी दोन कागद जोडून नकाशा काढला. त्यात दुहेरी रेघा चार निघाल्या आणि खोडाखोडी पुष्कळ. मी एकदाही मध्ये बोललो नाही. शैलाताईंचा हात त्या दिवशी मांडीवरच होता.

शेवटच्या दिवशी त्यांनी खणातून माझा जुना कागद काढून समोर ठेवला. "विद्यार्थ्यांचं मी काही ठेवून घेत नाही. शेपूट तपास. मी पेन घेऊन येते, सहीला पेन्सिल चालत नाही म्हणतात." पेन त्यांच्याकडे नसेच, ते आणायला त्या डॉनाकडे गेल्या.

मी पेन्सिल घेतली आणि आईवडिलांमध्ये दुसरी रेघ काढली. मग आजीचा गोल आणि आईच्या वडिलांचा चौकोन, बहीण-भाऊ म्हणून, वरून जोडला.

त्या परत आल्या, बघितलं. "माहेरचं गाव एकच लिहिलं होतं तू पहिल्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं घर आहे. मी कशी रेघ मारू?" त्यांनी फॉर्मवर सही केली, पेनचं टोपण लावलं. मग दीपाच्या गोलावर बोट ठेवलं. तो मी बहिरेपणाच्या खुणेसाठी पहिल्या दिवशीच अर्धा काळा केला होता. "आईशी बोललास कधी यावर?"

"नाही."

"हं," त्या म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि मुलीजवळ राहायला टोरांटोशेजारी मिसिसागाला गेल्या. पुढच्या वर्षी माझ्या पदवीदानाला आईबाबा आले. परत जाताना त्यांचं विमान टोरांटोहून होतं, मधे एक दिवस होता. मी शैलाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आण ना. विमानतळ खिडकीतून दिसते माझ्या."

दहाव्या मजल्यावरचा लहानसा फ्लॅट. बाबा आल्या आल्या खिडकीशी गेले आणि उतरणाऱ्या विमानांची चाकं बघत बसले. आई पदर सारखा करत टेबलाशी बसली, अंग चोरून. मॅडम म्हणू की ताई, तिला ठरवता येत नव्हतं. ते बघून मला माझे पहिले दोन आठवडे आठवले. मी चहा करायला स्वयंपाकाच्या ओट्याशी गेलो. ओटा त्याच खोलीत होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

दोघी आधी थंडीबद्दल बोलल्या, मग नागपूरच्या आणि लातूरच्या उन्हाबद्दल, मग दीपाबद्दल. दीपा शिवणाचा क्लास घेते, तिच्या हाताखाली सहा मुली आहेत, हे आई सगळ्यांना सांगते. ते तिने सांगितलं.

मग शैलाताईंचा तो आवाज आला, सावकाश, न हसता. "हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. लग्नाआधी तुमचं आणि यांचं काही नातं होतं का?"

"होतं की," आई लगेच म्हणाली. "आत्याच्या घरात दिलं मला. ह्यांची आई माझी सख्खी आत्या." तिला हसू आलं होतं. मग ते थांबलं.

मी वळून बघितलं. शैलाताईंचा डावा तळहात टेबलावर होता.

बाबा खिडकीजवळून हलले नाहीत. एक विमान उतरलं. दुसरं दिसायला लागलं.

"म्हणूनच दीपाला तसं झालं, असं सासूबाई देवाघरी जाताना म्हणल्या," आई म्हणाली. "त्यांची भाची ना मी. म्हणल्या, मीच हट्टानं करून आणली तुला, पोरीचं पाप माझ्या डोक्यावर. मी म्हणलं, तुमचं नाही आत्या, पोटात मी वाढवली. हे मी कुणाला बोलले नाही ताई. ह्यांना नाही, पोराला नाही. कुणी विचारलंच नाही कधी."

ती रडायला लागली. टिश्यूचा डबा टेबलावर, तिच्या हातापाशीच होता. तो आम्ही येण्याआधीच तिथे ठेवलेला असणार. मी ओट्यापासून एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबलो.

चहा उकळून वर आला. मी आच कमी केली. शैलाताई आईकडे बघत होत्या आणि त्यांचा हात टेबलावर तसाच होता. त्यानंतर माझी त्यांची भेट झालेली नाही. मला त्या आठवतात त्या अशाच, हात न उचललेल्या.